जिरेटोप ते हेल्मेट: डोक्याच्या मापाचा इतिहास

मराठीच्या तासाला 'जिरेटोप' हा शब्द आला की मी दोन मिनिटे थांबतो. यातले जिरे फोडणीतले नव्हे, एवढे म्हटले तरी वर्ग हसतो. मग फळ्यावर 'ज़िरह' लिहितो. फारसीत ज़िरह म्हणजे लोखंडी कड्यांचे चिलखत. ते डोक्यावरच्या टोपाला जोडले की झाला जिरेटोप. उर्दूच्या तासाला याच वस्तूसाठी 'ख़ोद' हा शब्द येतो आणि सीरतच्या पुस्तकांत 'मिग़फ़र'. नावे तीन, काम एकच.

मात्र शिरस्त्राणाचा जुना इतिहास वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवावी लागते. ख़ोद असो वा जिरेटोप, दोन्ही तलवारीच्या वारासाठी बनलेले. वार बाहेरून यायचा, टोपाने तो अडवायचा किंवा घसरवून लावायचा. मोटारीच्या शर्यतीत प्रकार उलटा आहे. तिथे डोके स्वतःच वेगात असते आणि जाऊन कशावर तरी आदळते. गाडी थांबते, शरीर पट्ट्याने थांबते, डोके थांबत नाही. शर्यतीच्या हेल्मेटचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे हा फरक माणसाला हळूहळू कसा उमगत गेला त्याचा इतिहास आहे. आणि तो प्रत्येक वेळी कोणीतरी मेल्यावरच उमगला.

या विषयात मी कसा शिरलो ते सांगतो. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी चार मित्र मिळून मोकळ्या मैदानावर शंकू मांडून घड्याळ लावून गाडी पळवतात, त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. आता त्याला कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जायचे आहे. घरात वादळ उठले. आपा रडली. दुल्हेभाई म्हणाले, "मौत लिखी है तो घर में भी आती." आणि भाचा फोनवर मला म्हणाला, "मामू, दोस्त का हेल्मेट हय ना मेरे पास. हेल्मेट तो हेल्मेट हय!"

या दोन्ही वाक्यांनी माझी झोप उडवली. दुल्हेभाईंना मी एवढेच म्हणालो की उहुदच्या मैदानात प्रेषितांनी (स.) मिग़फ़र घातला होता. त्याची दोन कडी गालात रुतली आणि अबू उबैदांनी ती दातांनी ओढून काढताना स्वतःचे दात गमावले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तक़दीरवर ज्यांच्याइतका भरवसा दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही, तेही रणात उघड्या डोक्याने उतरले नाहीत. दुल्हेभाई गप्प झाले. भाच्याच्या वाक्याला मात्र एवढ्या थोडक्यात उत्तर नव्हते.

सुरुवात इंग्लंडमधून होते. लंडनच्या नैर्ऋत्येला ब्रुकलँड्स नावाचा शर्यतीचा मार्ग १९०७ साली सुरू झाला. तिथे एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर नेमलेले होते. दर काही दिवसांनी डोक्याला मार लागलेला एखादा मोटारसायकलस्वार त्यांच्यासमोर येई. त्यांनी लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या एका कारागिराकडून कॅनव्हासवर लाखेचे थर देऊन कडक केलेल्या टोप्या बनवून घेतल्या. मार सोसेल इतकी कडक आणि कुठे अडकू नये इतकी गुळगुळीत, एवढीच त्यांची अट. मोटारसायकल संघटनेने आधी नाके मुरडली, मग १९१४ च्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीसाठी ती टोपी सक्तीची केली. त्या वर्षी बेटावरच्या डॉक्टरांकडे दरवर्षी येणारे मेंदूला मार बसलेले रुग्ण आलेच नाहीत, अशी हकीकत गार्डनरांपर्यंत पोहोचली. एका डॉक्टरने, एका लाखेच्या टोपीने हे केले. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि गोष्ट मागे पडली.

पुढचे नाव ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी पडेल. टी. ई. लॉरेन्स. उस्मानी सल्तनतीविरुद्ध अरबांचे बंड उभे करणारा हा इंग्रज अधिकारी. खिलाफत चळवळीच्या आठवणी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात तिथे त्याचे नाव प्रेमाने कोणी घेत नाही. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमध्ये आपल्या घराजवळ तो मोटारसायकलवरून जात होता. सायकलवरची दोन मुले समोर आली, त्यांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो वारला, वय ४६. उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मूळचे ऑस्ट्रेलियाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही.

१९४१ साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. हेल्मेट घालून अपघातात सापडलेले फक्त सातजण केर्न्सना आढळले, आणि त्या सातांपैकी एकही दगावला नव्हता. सात हा आकडा लहान आहे, हे त्यांनाही कळत होते. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले आणि केर्न्स पुढची काही वर्षे आकडे मोजत राहिले. मृत्यू उतरत गेले. ज्या माणसाच्या नावाने आपण बोटे मोडतो त्याच्या मरणातून ही विद्या पुढे सरकली. इतिहास शिकवताना अशा गाठी सोडवत बसण्यात अर्थ नसतो, त्या दाखवाव्यात आणि पुढे जावे.

मोटारवाले मात्र मोटारसायकलवाल्यांच्या कितीतरी मागे होते. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत १९३५ साली हेल्मेट सक्तीचे झाले, पण युरोपात ग्रां प्रीचे नामांकित चालक कापडी टोपी आणि गॉगल लावून ताशी २०० किलोमीटरच्या वर गाडी हाकत होते. कडक हेल्मेटची सक्ती तिथे १९५२ साली आली. तेव्हा चालकांनी काय घातले? पोलो खेळायच्या टोप्या. स्टर्लिंग मॉसचे हेल्मेट लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन या टोपीवाल्याकडचे, आणि घराणे पोलोच्या टोपीचेच. पोलो म्हणजे आपले चौगान. कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून वारला. खेळात जीव जाणे ही काही मोटारींनी आणलेली गोष्ट नव्हे.

या टोप्यांत एक मूलभूत खोट होती. वरचे कवच कडक, आणि आत डोके पट्ट्यांच्या जाळीवर टांगलेले. कवच फुटले नाही म्हणजे काम झाले, अशी समजूत. खरे तर धडकेचा जोर कुठेतरी जिरला पाहिजे. तो कवचात जिरला नाही तर मेंदूत जिरतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सी. एफ. लोम्बार्ड यांनी वैमानिकांच्या हेल्मेटवर काम करताना हे ओळखले. १९५३ साली त्यांना पेटंट मिळाले. त्यांची कल्पना अशी, की कडक कवच आणि डोके यांच्यामध्ये असा थर ठेवायचा जो धडकेत चिरडून जाईल आणि परत फुगणार नाही. स्प्रिंगसारखा उसळणारा पदार्थ घेतलेला जोर परत देतो. चिरडणारा पदार्थ तो गिळून टाकतो. टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा थर्मोकोल, त्याच जातीचा पण हिशोबाने घट्ट केलेला थर आज जवळपास प्रत्येक हेल्मेटमध्ये असतो.

आता मी ज्या माणसासाठी हे सगळे लिहायला बसलो त्याच्याकडे येतो. विल्यम स्नेल, मित्र त्याला पीट म्हणत. कॅलिफोर्नियातला हौशी स्पोर्ट्सकार चालक. कारखान्याचा पगारी चालक नव्हे, हौशी. आमच्या भाच्यासारखा. १९५६ साली एका शर्यतीत त्याला डोक्याचा जबर मार बसला. त्या काळी उत्तम समजले जाणारे हेल्मेट त्याच्या डोक्यावर होते. ते डोके वाचवू शकले नाही. त्याच्या मित्रांत जॉर्ज स्निव्हली नावाचे डॉक्टर होते. त्यांनी बाजारातली हेल्मेटे आणून प्रयोगशाळेत आपटून पाहिली, तर बहुतेक सगळी नापास. १९५७ साली मित्रांनी पीटच्या नावाने प्रतिष्ठान काढले आणि १९५९ मध्ये हेल्मेट कसे तपासावे याचे पहिले मानक प्रसिद्ध केले. जगभर हेल्मेटच्या आत 'स्नेल' असे छापलेले स्टिकर दिसते ते याच पीट स्नेलचे नाव. मुलगा हेल्मेट घेऊन येतो, आत कुठल्यातरी कंपनीचे लेबल आहे असे समजतो. ते कंपनीचे नाव नाही, एका मयत मित्राचे आहे.

मोठ्या चालकाचे हेल्मेट त्याच्या डोक्याबरहुकूम बनते. फिती, कान, गाल सगळे बघायला कंपनीचा माणूस असतो. हौशी चालकाला स्वतःच बघावे लागते. मित्राचे घेतो, स्वस्त मिळते ते घेतो, रंग आवडला म्हणून घेतो. स्नेलचे स्टिकर हेल्मेटची हमी देते, ते तुमच्या डोक्यावर बसते की नाही याची नाही. ते कोणीच देऊ शकत नाही.

बसले नाही तर काय होते, याचे उदाहरण हौशी चालकाचे नाही, जगज्जेत्याचे आहे. १ ऑगस्ट १९७६, जर्मनीचा न्युर्बुर्गरिंग. निकी लाउडाची फेरारी कठड्यावर आदळून पेटली. त्याच्या हेल्मेटमध्ये फेरफार केलेले होते, आतला फोम दबलेला होता, आणि ते डोक्यावर नीट बसत नव्हते. अपघातात ते निसटून गेले आणि चेहरा आगीत उघडा पडला. मेर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल या चार चालकांनी आपापल्या गाड्या सोडून त्याला बाहेर ओढले. उजवा कान बराचसा गेला, फुफ्फुसात विषारी धूर गेला, पाद्र्याने अखेरची प्रार्थनाही म्हटली. सहा आठवड्यांनी हा माणूस मोंझाला परत गाडीत बसला आणि चौथा आला. लोक त्याचे धैर्य सांगतात. ते सांगावेच. पण सैल हेल्मेटची गोष्टही त्याच दिवसाची आहे, ती कोणी सांगत नाही. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट डॅन गर्नीने १९६८ मध्ये मोटार शर्यतीत आणले होते, म्हणजे झाकण्याची सोय आठ वर्षे जुनी होती. कमी पडले ते माप.

भाचा ईदला घरी आला तेव्हा मी शिंप्याची कापडी फीत घेऊन बसलो. मला हे काम नवे नव्हते. आपल्याकडे टोपीच्या दुकानात प्रत्येकाने डोक्याचे माप दिलेले असते, २२ इंच, साडेबावीस, २३. चाँदरातीला दुकानदार फीत न लावता नुसते बघून टोपी काढून देतो. हेल्मेटचेही माप तिथूनच सुरू होते. भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सर्वांत फुगीर भाग असतो त्यावरून. तीनदा मोजायचे, सर्वांत मोठा आकडा धरायचा. भाच्याचे ५९ सेंटिमीटर भरले. मित्राच्या हेल्मेटवर ६१ लिहिले होते.

पण टोपी आणि हेल्मेट यांत फरक आहे. टोपी कापडाची, ती डोक्याचा आकार घेते. हेल्मेट घेत नाही. वरून पाहिले तर काही डोकी जवळजवळ गोल असतात, काही पुढून मागे लांबट, बरीचशी मधली. दोन माणसांचे माप ५९ असून एकाला जे हेल्मेट चपखल बसते ते दुसऱ्याच्या कपाळात रुतते आणि कानांपाशी सैल राहते. म्हणून कपाळाच्या मध्यभागी एकाच जागी टोचत असेल तर मोठे माप घेऊ नये, दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या आकाराचे घ्यावे. दुकानदार इथे हमखास मोठे माप काढून देतो. ऐकू नका.

सैल का चालत नाही, तेही सांगतो, कारण "घट्ट वाटते" ही तक्रार प्रत्येकजण करतो. डोके आणि चिरडणाऱ्या थराच्या मध्ये पोकळी राहिली, तर धडकेच्या क्षणी हेल्मेट आधी थांबते आणि डोके आत धावत राहते. ते उशिरा आणि एकाच ठिकाणी आदळते. थराची जाडी जेमतेम दोन-तीन बोटे, त्यातली थोडीशी वाया जाणेही परवडत नाही. शिवाय आतले मऊ अस्तर वापराने दबते, म्हणजे नवे असताना बरोबर बसणारे थोड्या दिवसांनी सैल होणार. नवे हेल्मेट गाल आत ढकलील इतके घट्टच हवे. बोलताना गाल दाताखाली आला तरी हरकत नाही. डोके दुखता कामा नये. घरात वीस-पंचवीस मिनिटे घालून बसावे, काढल्यावर आरशात कपाळ बघावे. लाली सगळीकडे सारखी असेल तर ठीक, एकाच जागी खोल वळ असेल तर परत करावे.

मग हलवून पाहायचे. दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावीकडे-उजवीकडे फिरवले तर कपाळाची आणि गालांची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून घसरता कामा नये. शेवटी हनुवटीचा पट्टा आवळून दुसऱ्याला मागे उभे करायचे. त्याने मानेपाशी हेल्मेटची कड धरून वर आणि पुढे ढकलायचे, जोर लावून. मित्राचे हेल्मेट मी असे ढकलले तेव्हा पट्टा बांधलेला असूनही ते भाच्याच्या नाकावर आले. मी काही बोललो नाही. त्यानेच ते काढून बाजूला ठेवले.

आपल्या लोकांसाठी आणखी एक-दोन गोष्टी. नमाज़हून येताना जाळीच्या टोपीवरच हेल्मेट चढवलेले अनेकजण दिसतात. टोपीच्या कडेची शिवण कपाळावर एका रेषेत दाबते आणि हेल्मेट घसरायला जागा करते. टोपी खिशात ठेवा. मुलींनी हिजाबवर घालायचे असेल तर टाचण्या आधी काढाव्यात आणि मागची गाठ सोडावी. शर्यतीत तर हा प्रश्न उरतच नाही, कारण हेल्मेटखाली आग न धरणाऱ्या कापडाचा, केस आणि मान झाकणारा मुखवटा घालतात. सौदी अरबस्तानची रीमा जुफाली २०१९ साली दिरियाला उतरली तेव्हा आपल्या देशात शर्यत करणारी ती पहिली सौदी महिला ठरली. तिच्या डोक्यावरही तोच पोशाख जो तिच्याबरोबरच्या पुरुषांच्या. हा मुखवटा मात्र माप देतानाच घालून जावा. नंतर घातला की हेल्मेट अर्ध्या मापाने लहान होते.

भाच्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. स्कूटरचे चांगले, आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट आहे, ते का नको? रस्त्यावर तेच हवे. पण मोटारसायकलवाला गाडीपासून दूर फेकला जातो, मोटारवाला गाडीतच अडकतो. त्याचे डोके पुन्हा पुन्हा एकाच लोखंडी पिंजऱ्याच्या दांड्यावर आपटू शकते आणि आग लागली तर तो आगीतच असतो. म्हणून स्नेलच्या मोटारीसाठीच्या मानकात, ज्याच्या नावात 'एसए' ही अक्षरे येतात, दांड्यावर अनेकदा आपटण्याची आणि अस्तर जळते का याची चाचणी असते. मोटारसायकलच्या 'एम' मानकात ती नसते. उलट 'एसए' हेल्मेटला बाजूचे कमी दिसले तरी चालते, त्यामुळे ते स्कूटरवर वापरू नये. एकाच हेल्मेटमध्ये दोन्ही कामे उरकायचा मोह आपल्या खिशाला फार होतो, तो टाळावा. शर्यतीच्या आयोजकांच्या नियमपत्रिकेत कोणते मानक आणि कोणत्या सालापासूनचे चालते ते लिहिलेले असते. पैसे देण्याआधी ती वाचावी, आणि स्टिकर अस्तराखाली दडलेले असते म्हणून अस्तर उचलून बघावे.

आणि मान. डोके वाचले तरी मान वाचत नाही, हे कळायला आणखी बळी गेले. धड पट्ट्याने जखडलेले, हेल्मेटचे वजन डोक्यावर, धडकेत डोके पुढे फेकले जाते आणि कवटीचा तळ फुटतो. १९८१ साली पॅट्रिक जॅकमार असाच गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग चालक होता आणि डाउनिंगचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीराच्या यंत्रशास्त्राचा प्राध्यापक. मेहुण्या-मेहुण्यांनी मिळून खांद्यावर बसणारी एक कॉलर बनवली. तिच्या दोऱ्या हेल्मेटला अडकतात आणि डोके पुढे जाऊ देत नाहीत. तिला हान्स म्हणतात. कित्येक वर्षे चालक तिला हसत होते. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाला शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट मेला, त्याच दुखापतीने. त्याने ती घातली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात नॅसकारने आणि २००३ साली फॉर्म्युला वनने मानेची ही राखण सक्तीची केली. या दोऱ्या हेल्मेटला बांधलेल्या असतात, म्हणजे हेल्मेट सैल असेल तर दोरी हेल्मेटला धरून ठेवते आणि डोके आतल्या आत पुढे जाते. घेताना बाजूला या दोऱ्यांच्या खिळ्यांसाठी आटे आहेत का ते पाहावे. घरी भोके पाडून बसवू नयेत.

भाच्याने जुने, वापरलेले घेण्याचाही विषय काढला, अर्ध्या किमतीत मिळत होते. मी नको म्हटले. चिरडलेला थर वरून दिसत नाही. कवचाला ओरखडाही नसतो आणि आत एक जागा दबून गेलेली असते. ते हेल्मेट एकदा आपले काम करून बसले आहे, दुसऱ्यांदा करणार नाही. कधी कोणाच्या हातून टाकीवरून फरशीवर पडले हे विकणारा सांगत नाही, त्याला आठवतही नसते. न पडलेल्याचेही वय असते. घाम, केसाचे तेल, ऊन यांनी आतले पदार्थ खराब होतात, म्हणून स्नेलवाले पाच वर्षांनी बदला म्हणतात.

नवे घ्यायला तो आणि आपा दोघे गेले. मी मुद्दाम गेलो नाही. मागे उभे राहून हेल्मेट कसे ढकलायचे ते आपाला दाखवून ठेवले होते. तिने दुकानात चार हेल्मेटे ढकलून पाहिली, तीन नाकावर आली.